पाच हजारांत तीन गुलमोहर : स्वस्त छाटणीची किंमत कोण भरतं?

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण मे महिना लागलाय, सोसायट्यांचे फोन सुरू झालेत, आणि दरवर्षी तेच तेच बोलून मी दमलोय. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. निम्मं आमच्या धंद्यातल्या पोरांसाठी आहे, निम्मं आम्हाला काम देणाऱ्यांसाठी.

मी पुण्यात गेली १९ वर्षं झाडं छाटायची कामं घेतो. छोटा ठेकेदार आहे. एक टेम्पो, दोन मशीन, पाच माणसं.

तीन वर्षांपूर्वी एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. "तीन गुलमोहर आहेत, पावसाळ्याआधी पार बोडके करून द्या." मी जाऊन बघितलं. म्हटलं, काका, बोडके करायची गरज नाही. वाळलेल्या फांद्या काढू, गच्चीवर आलेल्या दोन हलक्या करू, एक चिरलेली आहे ती उतरवू. चौदा हजार होतील. काका हसले. "अहो, समोरचा पाच हजारांत तिन्ही करतोय, आणि लाकूडही उचलून नेतोय."

समोरच्याने केलं. दीड दिवसाचं काम चार तासांत. तिन्ही झाडांचे नुसते खुंट उभे. मागच्या जूनमध्ये त्याच काकांचा फोन. खुंटांवर फुटलेल्या नव्या फांद्या चांगल्या मनगटाएवढ्या झाल्या होत्या, वाऱ्यात दोन निखळल्या, खाली उभ्या दोन स्कूटरचा चुराडा. नशीब, माणूस नव्हता.

काकांना वाटलं झाड वाईट. झाड वाईट नाही हो. गुलमोहराचं लाकूड मुळातच ठिसूळ. त्यात शेंडा उडवला की झाड घाबरून खुंटाच्या कडेने भराभर धुमारे सोडतं. हे धुमारे आतून उगवलेल्या फांदीसारखे खोलवर रुजलेले नसतात, वरवर चिकटलेले असतात. खाली खुंट कुजत जातो, वर धुमारा जड होत जातो. दोन-तीन पावसाळे गेले की तुटतो. म्हणजे ज्या भीतीने तुम्ही झाड बोडकं केलं, ती भीती तुम्हीच पैसे देऊन खरी केली.

आता पाच हजारांचा हिशेब बघू. माझा हिशेब उघड मांडतो, लाजायचं काय त्यात. एका दिवसाला वर चढणारा माणूस १,८०० रुपये. खालची तीन माणसं ८०० प्रमाणे २,४००. टेम्पो २,०००. पेट्रोल, ऑइल, चेनची झीज ५००. झाले ६,७००. यात माझा नफा नाही, दोर-बेल्टची घसारा नाही. नीट काम केलं तर दिवसात मोठे दोनच गुलमोहर होतात. तीन झाडांना दीड दिवस, म्हणजे दहा हजार नुसता खर्च. मग पाच हजारांत करणारा पैसे कुठून काढतो?

तीन ठिकाणांहून. एक, घाईतून. दोन, माणसाच्या सुरक्षेतून. तीन, लाकडातून. आणि या तिन्हींची किंमत नंतर दुसरंच कुणीतरी भरतं.

लाकडाचं आधी सांगतो, कारण ते बाहेरच्यांना कळत नाही. छाटलेलं लाकूड ठेकेदाराचं, असं ठरलं की त्याचं लक्ष कुठे जाणार? वाळक्या काटक्यांकडे? त्यांना कोण विचारतं. लक्ष जातं जाड, जिवंत, वजनदार फांदीकडे, कारण वखारीत तिचे पैसे मिळतात. पण झाडाला आणि लोकांना धोका असतो तो वर अडकलेल्या वाळक्या फांद्यांचा. म्हणजे जे काढायला पाहिजे ते वरच राहतं आणि जे ठेवायला पाहिजे ते टेम्पोत जातं. ठेकेदार चोर आहे म्हणून हे होत नाही. आपण व्यवहारच असा बांधलाय.

आता माणसाचं.

२०११ चा मे. मी तेव्हा एका मोठ्या ठेकेदाराच्या हाताखाली काम करायचो. आमच्याकडे एक कसलेला चढणारा होता, सगळे त्याला मामा म्हणायचे. सोनमोहरावर अठरा फुटांवर होता. कमरेला पिवळी प्लॅस्टिकची दोरी. ती दोरी अख्खा उन्हाळा टेम्पोच्या टपावर पडलेली. उन्हाने ती दोरी आतून मरते, दिसायला तशीच दिसते. मामा मागे रेलला आणि दोरी तुटली. कमरेचं हाड मोडलं. तीन महिने अंथरुणावर. मोठा ठेकेदार म्हणाला, "तो तुझा माणूस, तू बघ." विमा नव्हता. मी बायकोचे दागिने ठेवून निम्मं बिल भरलं, निम्मं मामाच्या भावाने शेत गहाण टाकून.

मी हे आजवर कुठे लिहिलं नव्हतं : दोरी खराब झालीये, हे मामाने मला दोन दिवस आधी सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, "एवढं काम होऊ दे मामा, मग नवी घेऊ."

त्यामुळे खाली जे लिहितोय ते उपदेश म्हणून वाचू नका. हे चुकून शिकलेलं आहे.

आमच्या पोरांसाठी

१) दोर. प्लॅस्टिकची दोरी फांद्या ओढायलाही वापरू नका, माणसाला बांधायचा तर विषयच नाही. चढायला गिर्यारोहणाचा, बाहेरून विणलेलं आवरण आणि आत गाभा असलेला ११ ते १३ मिलिमीटरचा दोर घ्या. पुण्या-मुंबईत ट्रेकिंगच्या दुकानांत मिळतो. रोज सकाळी अख्खा दोर हातातून सरकवून बघायचा. कुठे मऊ लागला, कडक लागला, आवरण फाटलं, तर तिथून बाद. चढायचा दोर वेगळा आणि फांदी उतरवायचा दोर वेगळा. पेट्रोल-ऑइलच्या कॅनशेजारी दोर ठेवायचा नाही.

२) नुसता कमरपट्टा नको. कमरेच्या पट्ट्यावर माणूस पडला तर झटका पोटाला आणि मणक्याला बसतो. मांड्यांतून पट्टे जाणारा हार्नेस घ्या. आणि दोन आधार ठेवा. मशीन चालवताना दोर आणि आखूड पट्टा, दोन्ही अडकवलेले. एक चुकून कापला गेला तर दुसरा आहे. जागा बदलताना आधी नवा अडकवायचा, मग जुना सोडायचा.

३) दोर कशाला बांधता ते बघा. कमीत कमी चार इंच जाडीची, जिवंत, खोडाजवळची फांदी. वाळक्या फांदीवर कधीच नाही. चढण्याआधी झाडाभोवती एक पूर्ण फेरी मारा. बुंध्याला लाकडी हातोडीने ठोका, पोकळ असेल तर आवाज बदलतो. बुडाशी कडक भूछत्रं उगवली असतील तर आत कूज आहे. झाड कललंय आणि कललेल्या बाजूच्या उलट बाजूला जमिनीला भेग दिसतेय, तर त्या झाडावर चढायचंच नाही. तिथे हायड्रॉलिक शिडी मागवा, नाहीतर काम सोडा.

४) हेल्मेट हनुवटीखालच्या पट्ट्यासकट. बांधकामावरचं पिवळं टोपडं वर बघितलं की मागे पडतं, आणि आपलं तर अख्खं काम वर बघायचं. खालच्या माणसांनाही हेल्मेट पाहिजे. फांदी त्यांच्याच डोक्यावर पडते.

५) मशीन. खांद्याच्या वर उचलून चालवायचं नाही. पट्टीच्या टोकाच्या वरच्या भागाने लाकडाला स्पर्श केला की मशीन तोंडाकडे उसळतं. ही उसळी हाताने आवरत नाही, म्हणूनच चेनब्रेक असतो. तो रोज सकाळी तपासा. एका हातात लोंबकळत धरून दोरी ओढून चालू करू नका. आणि मशीन चालवणाऱ्याला चेनसॉची पँट द्या. त्यात आत तंतूंचे थर असतात. चेन लागली की तंतू ओढले जाऊन चाकात अडकतात आणि चेन थांबते. पँटला काही हजार लागतात. मांडीची नस कापली गेली तर दवाखान्यात पोचायलाही वेळ मिळत नाही.

६) चेनला धार. मशीनमधून लाकडाच्या कपच्या उडत असतील तर धार आहे. पिठासारखा भुसा पडत असेल तर धार गेली. बोथट चेन घेऊन माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की तोल जातो. गोल कानस चेनच्या मापाचीच घ्या, भलत्या जाडीची कानस दाताचा आकार बिघडवते. प्रत्येक दाताला सारखेच हात मारा, नाहीतर काप एका बाजूला ओढतो. टू-स्ट्रोक मशीनला कंपनीने ५०ः१ सांगितलं असेल तर एका लिटरला २० मिली ऑइल. अंदाजाने ओतायचं नाही, मापाची बाटली टेम्पोतच ठेवा. चेनच्या ऑइलच्या जागी वापरलेलं काळं इंजिन ऑइल टाकणारे बघितलेत. त्याने पंप खराब होतो आणि तेच तेल हातावर, झाडावर, मातीत जातं.

७) बारीक फांद्यांना मशीन नको. वाकडी, ओढून कापायची करवत ठेवा. कोयता आणि कुऱ्हाड टेम्पोतच राहू द्या. कोयत्याने फांदी तुटते, पण साल खालपर्यंत सोलली जाते.

८) जाड फांदी तीन कापांत. पहिला काप खोडापासून फूटभर अंतरावर, खालच्या बाजूने, साधारण चौथाई जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. फांदी साल न सोलता गळून पडते. मग राहिलेला खुंट शेवटच्या कापाने काढायचा. हा काप खोडाला घासून नाही आणि खुंट ठेवूनही नाही. फांदीच्या बुडाशी घड्या पडलेला फुगीर भाग असतो, आम्ही त्याला कॉलर म्हणतो. त्याच्या लगेच बाहेर कापायचं. अमेरिकेतले वनसंशोधक अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून दाखवून दिलं की झाडाची जखम माणसासारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंत घालतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. ती भिंत घालायची ताकद त्या फुगीर भागात असते. तो कापला की दार कायमचं उघडं. आणि कापावर डांबर, ऑइलपेंट फासू नका. त्याने कूज थांबत नाही, फक्त गिऱ्हाइकाला बरं दिसतं.

९) एका वर्षात जिवंत पाल्याच्या चौथाईपेक्षा जास्त काढायचं नाही. म्हाताऱ्या झाडाला त्याहून कमी. पाला हेच झाडाचं पोट आहे.

१०) वीज. तारेच्या तीन मीटरच्या आत फांदी असेल तर वीज कंपनीकडून लाईन बंद करून घेतल्याशिवाय हात लावायचा नाही. तोंडी "बंद केलीये" चालणार नाही, वायरमन जागेवर उभा पाहिजे. "लाईट गेलीये, पटकन उरकू" हे तर अजिबात नाही. लाईट कुठल्याही क्षणी येते, कुणाच्या जनरेटरमधूनही उलटी येते. ओली फांदी आणि ओला दोर, दोन्हींतून शॉक लागतो.

११) आदल्या दिवशी झाड बघून या. आग्यामोहोळ आहे का, घरटी आहेत का. एप्रिल ते जूनमध्ये कावळ्यांची पिल्लं असतात, पावसाच्या तोंडावर बगळ्यांची वसाहतच्या वसाहत असते. घरटं असलेली फांदी पिल्लं उडेपर्यंत ठेवायची. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे. पण कायद्याचं सोडा, सड्यावर पडलेली पिल्लं एकदा बघितली की जेवण जात नाही.

१२) खालचा माणूस. फांदीच्या लांबीच्या दुप्पट जागा दोरी लावून मोकळी करा. एकच माणूस आवाज देणार आणि तो "मोकळं" म्हणाल्याशिवाय वरचा कापणार नाही. खाली उभ्या असलेल्यांपैकी एकाला तरी वर चढून माणूस उतरवता आला पाहिजे. हार्नेसमध्ये बेशुद्ध लटकलेला माणूस अग्निशमनची गाडी येईपर्यंत तसाच ठेवणं धोक्याचं असतं. १०१ आणि १०८ ला फोन करायचाच, पण हातावर हात ठेवून थांबायचं नाही.

१३) मे महिन्यात सातला सुरू, बाराला बंद. ताक, पाणी, सावली. आणि रात्रीची दारू उतरली नसेल तर त्या दिवशी खालचं काम. यावर मी माणसं गमावलीत, म्हणजे सोडून गेलीत. चालेल. सोडून गेलेली बरी.

१४) विमा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत आहे. १८ ते ७० वयाच्या, बँकेत खातं असलेल्या कुणालाही. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख. १ जून ते ३१ मे असं वर्ष असतं, म्हणजे आत्ताच बँकेत जायची वेळ आहे. २ लाखांनी घर चालत नाही, हे मलाही कळतं. ही फक्त सुरुवात. त्याच्यावर कामगारांसाठीची वेगळी अपघात पॉलिसी काढा आणि तिचा खर्च सरळ कोटेशनमध्ये लिहा. लपवू नका.

काम देणाऱ्यांसाठी

सोसायटीवाले, शाळावाले, बंगलेवाले, तुमच्या हातात खूप आहे. ठेकेदाराला दर विचारण्याआधी एवढंच विचारा : वर चढणारा कोण आणि त्याचा दोर दाखव. विमा आहे का? नेमक्या कुठल्या फांद्या काढणार आणि का? लाकूड कुणाचं? महापालिकेची परवानगी कुणी घ्यायची? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. नागरी भागातल्या झाडांसाठी आपल्या राज्यात १९७५ पासून कायदा आहे आणि त्यात झाड 'पाडणं' याचा अर्थ नुसतं बुंध्यातून कापणं नाही, झाडाला इजा करणंही त्यातच येतं. स्वतःच्या आवारातलं झाड असलं तरी. तेव्हा "आमचं झाड, आम्ही बघू" म्हणू नका.

आणि "अपघात झाला तर ठेकेदार बघेल" हेही म्हणू नका. मूळ काम देणाऱ्यावरही भरपाईची जबाबदारी येऊ शकते, हे आपल्या कामगार कायद्यातलं जुनं तत्त्व आहे. मला हे २०११ मध्ये माहीत असतं तर "तो तुझा माणूस" हे वाक्य मी ऐकून घेतलं नसतं.

अजून एक. बरीच झाडं पडतात ती वरच्या वजनाने नाही, खालच्या सिमेंटने. झाडाची बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फूट मातीतच असतात. तिथे केबलचा चर खणला, बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक लावले, की झाड नुसतं उभं असतं, धरून ठेवायला काही नसतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आपल्या सोसायटीत हे करायला कुणाच्या आदेशाची वाट बघताय?

महापालिकेला

निविदा काढता तेव्हा सगळ्यात कमी दराला काम जातं. झाडांची संख्या किंवा ट्रकच्या खेपा मोजून पैसे मिळत असतील, तर ठेकेदार झाडं आणि खेपाच वाढवणार. जे मोजाल ते वाढेल. म्हणून माझ्या चार मागण्या आहेत.

लाकूड ठेकेदाराच्या हिशेबातून पूर्ण बाहेर काढा, ते महापालिकेने वेगळं विकावं. छाटणीआधी फांद्यांवर खूण करणारा उद्यान विभागाचा माणूस असावा आणि नंतर काप तपासूनच बिल निघावं. हार्नेस, दोर, विमा यांची किंमत निविदेत वेगळी ओळ म्हणून असावी, म्हणजे ती कमी करून कुणाला काम मिळवता येणार नाही. आणि मोठी छाटणी मे महिन्याऐवजी डिसेंबर ते फेब्रुवारीत करा. तेव्हा घरटी कमी असतात, माणसं उन्हाने कोसळत नाहीत, घाई नसते, आणि झाडाला पालवीआधी सावरायला वेळ मिळतो. मेमध्ये फक्त वाळलेलं, चिरलेलं, लोंबकळणारं काढा.

याने खर्च वाढेल का? पहिल्या वर्षी वाढेल. पण बोडकं केलेलं झाड दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा छाटावं लागतं. नीट छाटलेल्याला तेवढ्या लवकर हात लावावा लागत नाही. आणि जखमी माणसाचा खर्च कुठल्याच निविदेत लिहिलेला नसतो, म्हणून तो दिसत नाही, एवढंच.

मामा आता वर चढत नाही. लंगडतो. पण आमच्याकडेच आहे. रोज सकाळी साडेसहाला गोल कानस घेऊन बसतो, चेनला धार लावतो आणि प्रत्येक दोर हातातून सरकवून बघतो. त्याने "नको" म्हटलं की तो दोर त्या दिवशी वर जात नाही, मग काम थांबलं तरी चालेल. गेल्या आठवड्यात त्याने नवाकोरा वाटणारा दोर बाजूला टाकला. नवीन पोरगा म्हणाला, "मामा, अजून चालला असता." मामा काहीच बोलला नाही. माझ्याकडे बघितलं फक्त.

यावर्षी त्याच काकांच्या सोसायटीचं काम माझ्याकडे आलंय. खुंटांवरचे धुमारे एकदम काढता येणार नाहीत. चांगले दोन-तीन निवडून ठेवायचे, बाकीचे दरवर्षी थोडे थोडे. तीन-चार वर्षं लागतील झाड पुन्हा झाडासारखं दिसायला. पाच हजारांत जे चार तासांत झालं, ते निस्तरायला.

तुमच्या सोसायटीत यंदा छाटणी असेल तर ही पोस्ट ग्रुपवर टाका. आणि वर चढणाऱ्या माणसाचा दोर एकदा स्वतः खाली उभं राहून बघा. तो माणूस तुमच्याच आवारात, तुमच्याच झाडावर चढणार आहे.